अजून थोडं मागे

६ जानेवारी

आलो एकदाचे. सामान वर चढवलं, चहा झाला, आणि तुला दिलेला शब्द पाळायला बसले आहे. तुझी बोट कुठे किनाऱ्याला लागेल तेव्हाच फोन लागणार. तोवर मी वहीत लिहायचं आणि तू परत आलास की एका बैठकीत वाचायचं, असं ठरलंय आपलं. तेव्हा वाच आता. पानं उलटून आधी शेवट बघायची तुझी खोड माहीत आहे मला, ती इथे चालणार नाही.

तर ही इमारत. लांब म्हणजे किती लांब? मी या टोकाला उभी राहून त्या टोकाच्या गवंड्याला हात केला, तर त्याचं लक्ष जाईपर्यंत माझा खांदा भरून आला. रुंदीच्या बाबतीत मात्र हात अगदी आखडता घेतलाय. कुणीतरी सरळसोट रस्त्यालाच भिंती आणि छप्पर लावून दिलंय असं वाटतं. पूर्वी इथे बोटींसाठी दोरखंड वळायचे. जेवढा लांब दोर हवा, तेवढी लांब खोली. आता दोन्ही बाजूंना दुकानं होणार, कपड्यांची, पुस्तकांची, चष्म्यांची. मधे बसायला बाकं आणि पार शेवटी एक झकास रेस्टॉरंट. आणि हे सगळं उभं करून घेणारी व्यवस्थापक म्हणजे तुझी बायको! एक मार्चला उद्घाटन. ते नीट पार पडलं की नोकरी कायम, असं मालक म्हणाले आहेत.

राहायला पुढच्या दरवाजावरच्या दोन खोल्या मिळाल्यात. पूर्वी कारखान्याचा मुकादम राहायचा इथे. एक खिडकी रस्त्यावर उघडते आणि दुसरी आत, कारखान्यात. तिथून पार टोकापर्यंत सगळं दिसतं. आईंनी आल्या आल्या ती खिडकी बळकावली. मी कामगारांना कशी बोलते ते त्यांना ऐकायचंय म्हणे.

तू जाताना एकच गोष्ट सांगितलीस, आईला सांभाळ. सांभाळतेय रे. त्यांच्या मते त्याच मला सांभाळायला आल्यात. गुडघ्यांनी फार बेजार आहेत. जिना चढताना पायरीपायरीला तुझा उद्धार केला, वर येऊन बसल्या आणि पिशवीतून तुझा अर्धा विणलेला स्वेटर काढला. राखाडी आहे. तुला राखाडी आवडत नाही हे मी काही सांगितलं नाही.

१० जानेवारी

आज सगळी इमारत नीट पायाखाली घातली. दरवाजातून आत आलं की शेजारीच एक भलंमोठं लाकडी चाक आहे, माझ्यापेक्षाही उंच. त्याला लोखंडी आकडे आहेत. मालकांना ते शोभेला ठेवायचंय, मोटार बसवून हळूहळू फिरतं. लहान मुलं आईबापांना ओढत आणतील, असं त्यांचं म्हणणं.

भिंतीवर लावायला त्यांनी एक जुना फोटोही दिलाय. माणसं रांगेने उभी आहेत, प्रत्येकाच्या कमरेला वाखाचा भारा. वाख म्हणजे दोराचे ते राठ पिवळट धागे. त्याचं टोक आकड्याला अडकवायचं, चाक फिरलं की धाग्याला पीळ बसतो, आणि माणूस कमरेचा वाख सोडत सोडत मागे मागे चालत जातो. दिवसभर तेच. तोंड चाकाकडे, पाठ पलीकडच्या टोकाकडे. मान वळवली तर पीळ बिघडायचा, म्हणून मागे बघायचंच नाही. फोटोत पार टोकाला, भिंतीला लागून, एक म्हातारा स्टुलावर बसलाय. एक हात पुढे केलेला, पंजा उघडा. मला वाटलं तो फोटोवाल्याला थांब म्हणतोय. आई म्हणाल्या, छे, चहा मागतोय तो.

टोकाची ती भिंत मी जवळून पाहिली. माणसाच्या पाठीच्या उंचीवर काळपट, तुकतुकीत डाग आहेत, ओळीने. हात लावला तर गुळगुळीत आणि जरासे चिकट. गवंडी म्हणाला, माणसं टेकत असतील, दिवसभर चालून चालून पाठ टेकणार कुठे, भिंतच ना शेवटी. मला पटलं.

१५ जानेवारी

मला एक कल्पना सुचली आहे आणि मी स्वतःवर जाम खूश आहे.

या इमारतीची अडचण काय, तर टोकाला अंधार. गिऱ्हाईक अंधाराकडे चालत नाही, अर्ध्यातून परत फिरतं. आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे? नदी! खाली जुना दगडी धक्का आहे, जिथून बोटींत दोर चढवायचे, आणि पुढे नुसतं पाणी आणि आभाळ. मग ती भिंत हवी कशाला? पाडून टाकायची. सरकत्या काचा लावायच्या, बाहेर सज्जा काढायचा, सज्ज्यावर टेबलं मांडायची. मालक खुर्चीतून उठून उभेच राहिले. रेस्टॉरंट चालवायला घेणारी बाई तर लगेच मेनूकार्डावर नदीचं चित्र काढायला निघाली. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, वारा येईल. वारा यावा म्हणूनच पाडतोय हो आई, म्हटलं.

२२ जानेवारी

पडली भिंत. गवंडी म्हणाला, हिच्यावर छपराचा भार नव्हताच, नुसतीच उभी होती, कशाला बांधली कोण जाणे. इतका उजेड आत आला की आम्ही सगळे वेड्यासारखे टाळ्या वाजवत होतो.

डागांच्या विटा रेस्टॉरंटवालीला काउंटरला हव्या होत्या, पण त्यांना सिमेंट धरेना. मुरलेल्या तेलासारखं काहीतरी आत होतं त्यांच्या. शेवटी खाली धक्क्यावर ढीग करून टाकल्या.

३१ जानेवारी

सज्ज्याची फरशी झाली. कठडा व्हायचाय, काचांना उशीर आहे. बाकी कामं जोरात.

एक गंमत सांगते. इथे सगळे उलटे चालतात! फरशीवाला सांधे भरत भरत मागे सरकतो, सफाईच्या मावशी पोछा मारत मागे मागे जातात, वायरमन वायर सोडत मागे जातो, सामान उचलणाऱ्या दोघांतला एक उलटाच असतो. आज दुपारी खिडकीतून बघत होते, तर एका वेळी पाच-सहा जण नदीकडे पाठ करून चालत होते. फोटोतल्यासारखेच. मी आईंना बोलावून दाखवलं, आम्ही खूप हसलो.

आणि तुझ्या आईंनी तर कहरच केलाय. त्यांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ना, तर खालच्या त्या लांबलचक जागेत रोज सकाळी फेऱ्या मारतात. परवा त्यांना शोध लागला की उलटं चाललं की गुडघे दुखत नाहीत. मी त्यांच्या व्यायामवाल्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, उलट चालणं गुडघ्यांना चांगलंच, फक्त कुणीतरी सोबत असू द्या. मग काय, आईंची मान ताठ. आता मला रोज ऐकवतात की डॉक्टरला जे कळलं नाही ते त्यांना कळलं.

५ फेब्रुवारी

अक्षर सांभाळून घे.

आज चाकाला मोटार बसवली. सकाळी मालकांनी स्वतः बटण दाबलं. चाक कुरकुरलं आणि फिरायला लागलं, संथ, छान. सगळे काम थांबवून बघत होते. पाट्या रंगवणारा पेंटर पार टोकाला, रेस्टॉरंटच्या पाटीवर शेवटचा हात फिरवत होता. निळ्या शर्टातला, सारखा गुणगुणणारा, आईंना 'आजी, तुमचं नाव कुठे लिहू?' म्हणून चिडवणारा. पाटी लांबून कशी दिसते बघायला तो एक पाऊल मागे आला. मग अजून एक. पेंटर लोक असं करतातच. मी ओरडले. मी खरंच ओरडले रे. तो ब्रश हातात धरून, मान जराशी कलती करून, मागे जातच राहिला आणि सज्ज्याच्या कडेवरून गेला.

खाली त्या विटांच्या ढिगावर पडला. जिवंत आहे.

८ फेब्रुवारी

दवाखान्यात जाऊन आले. कण्याला मार आहे. पाय गेले, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको बाहेर बाकावर बसली होती. तिनेच मला पाणी दिलं.

तो शुद्धीवर होता. मी विचारलं, माझी हाक ऐकू आली नाही का? तो म्हणाला, आली होती मॅडम. मग थांबला का नाहीस? तर म्हणाला, पाठीला काही लागलंच नाही.

एवढंच. हे तो तक्रारीच्या सुरात म्हणाला. त्याला कुणी चुकीचा पत्ता दिला होता आणि तो त्याबद्दल नाराज होता, असा सूर.

निघताना त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. पाय गेलेत म्हणतात ना? चादरीखाली टाचा हलत होत्या. एक मागे, मग दुसरी मागे. नर्सला दाखवलं तर ती म्हणाली, असे झटके येतात कधी कधी.

११ फेब्रुवारी

कठडा बसला. आता कुणी पडणार नाही. काचा मात्र उद्घाटनानंतर येणार. तोवर उघडंच छान दिसतंय, असं रेस्टॉरंटवालीचं म्हणणं.

चाकाच्या एका आकड्याला बोटभर दोर वळलेला सापडला. घट्ट, नेटका, जाणत्या हाताचा. आत वाख नाही. पोछ्याची पांढरी सुतं आहेत, वायरीवरचं गुंडाळीचं सूत आहे, आणि एक निळा धागा. वायरमन म्हणाला, उंदरांनी घरटं केलं असेल. मी उपटून कचऱ्यात टाकला.

१३ फेब्रुवारी

परत आलाय. आता वीतभर आहे. निळा धागाही तोच.

मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. पाल निघाली की मी हाकलते आणि तू खुर्चीवर चढतोस. पण आज त्या दोराला हात लावायचं धाडस झालं नाही माझं.

१६ फेब्रुवारी

हे नीट, सगळं लिहिते.

सकाळी आई फेऱ्या मारायला खाली गेल्या. मी वर फोनवर होते. खिडकीतून पाहिलं तर त्या उलट्या चालत होत्या, नेहमीसारख्या. पण हात कमरेशी होते आणि बोटं चालली होती. तुझा स्वेटर त्यांनी कमरेला बांधला होता. तो उसवत होता. राखाडी लोकरीचं टोक पार चाकाच्या आकड्यापर्यंत गेलं होतं, आणि चाक फिरत होतं. मोटार बंद होती रे. मोटारीचा प्लग मी स्वतः काढून टेबलावर ठेवलाय.

मी जिन्यावरून कशी उतरले आठवत नाही. धावत सुटले. हाका मारल्या तर त्या माझ्याकडे बघून हसल्या, ओळखीचं हसू होतं, पण पाय थांबेनात. मी त्यांना ओलांडून पुढे जाईपर्यंत त्या कठड्याला पोचल्या. आणि तेव्हा मला कळलं की कठडा म्हणजे भिंत नाही. तो कमरेला लागतो, पाठीला लागत नाही. त्या कठड्यावरून मागे वाकायला लागल्या. पाय तरीही मागेच रेटत होते.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. पकडायचं म्हणून ठेवला, पण पकडावं लागलंच नाही. तळवा पाठीला लागला मात्र, आणि त्या थांबल्या. मोठ्ठा सुस्कारा सोडला. कमरेचा स्वेटर सोडून खाली टाकला, सरळ वळल्या, माझ्या बाजूने सरळ चालत गेल्या आणि म्हणाल्या, चल गं, चहाची वेळ झाली.

फोटोतला म्हातारा चहा मागत नव्हता. तो प्रत्येकाच्या पाठीला हात लावत होता. चुकून त्याचा हात हुकला, तर त्याच्यामागे भिंत होती. पाठीला काहीतरी लागलं की ती खेप संपली, आता वळायचं, हे त्यांना तसंच कळायचं. आयुष्यभर.

आणि भिंत मी पाडली.

१७ फेब्रुवारी

मालकांकडे गेले. भिंत परत बांधा म्हटलं. आधी हसले, मग म्हणाले, पेंटरच्या प्रकाराने तुम्ही हादरल्या आहात, दोन दिवस आराम करा. रेस्टॉरंटवालीने नदीसाठी जागा घेतली आहे, भिंतीसाठी नाही. आणि कल्पना तुमचीच होती ना?

होती.

१८ फेब्रुवारी

आईंना तुझ्या धाकट्या बहिणीकडे सोडून आले. जायला तयार नव्हत्या. नणंदेला खरं काय सांगणार? इथे धूळ फार आहे, खोकला लागलाय, असं सांगितलं. निघताना आईंनी विचारलं, माझं काही चुकलं का गं? मला रडू आलं. त्यांना वाटतंय मला त्यांची अडगळ झाली. परत आलास की तूच समजाव त्यांना.

तू सांगितलेलं तेवढं तरी झालं.

२१ फेब्रुवारी

दोर आता हातभर आहे. राखाडी पट्टा स्पष्ट दिसतो.

सज्ज्याच्या तोंडाशी मी टेबलं उभी-आडवी रचून ठेवली. रेस्टॉरंटवालीने काढायला लावली. भांडले. ती म्हणाली, वहिनी, तुम्ही झोपता का नीट?

माझ्या चपलांच्या टाचा झिजल्यात. पुढची बाजू नवीच्या नवी.

२३ फेब्रुवारी

माझ्या जॅकेटची कमरेशी वीण सुटलीय. चारी बाजूंनी, सारखी.

मी कधी चालले? मला आठवत नाही.

२४ फेब्रुवारी

धाकटीचा फोन. रडत होती. आई तिच्या घरात दिवसभर उलट्या चालतात, भिंतीला पाठ आपटली की सरळ येतात, परत उलट्या. वहिनी, तिची पाठ काळीनिळी झालीय, तिथे असताना अशी होती का? अंगावरच्या शालीचे धागे ओढत बसते. इथे गुडघे दुखतात, मला तिकडे सोड, एवढंच म्हणते.

मी सांगितलं, काही झालं तरी इकडे आणू नकोस. ती म्हणाली, का? मी सांगितलं. सगळं. ती अगदी हळू म्हणाली, दादाला कळवायला हवं.

२६ फेब्रुवारी

भाजी आणायला निघाले. एवढंच. दाराकडे तोंड होतं, पावलं टाकत होते, आणि दार लहान होत गेलं. बाकं मागून येऊन माझ्या पुढे जात होती. मला वाटत होतं मी चालतेय. छान वाटत होतं, हे लिहायलाच हवं. चाक किती शांत फिरतं. कमरेशी हलकासा ताण येतो, लहान मूल पदर धरून उभं असतं तेवढाच.

सफाईच्या मावशींनी वाचवलं. त्या कठड्यापाशी बादली घेऊन उभ्या होत्या. मॅडम सांभाळून, म्हणून पाठीवर हात ठेवला. तेवढ्याने सुटले.

मग पळाले. दारापर्यंत पोचले. कडी हातात होती. रस्ता दिसत होता. जाऊ शकले असते — मागे बघितलं.

वायरमन वायर सोडत चालला होता. मावशी बादली घेऊन आत गेलेल्या. टोकाला कुणी नाही.

परत धावले. पोचले. हात लागला. तो सुस्कारा सोडून म्हणाला, अरे, तुम्ही इथे होय.

२७ फेब्रुवारी

टोकाला स्टूल आणून बसले आहे. बसलं की पाय ओढत नाहीत. उभं राहून चाकाकडे बघितलं की ओढतात. म्हणून बसूनच.

फरशीवाला. मावशी. परत मावशी. काचवाला माप घ्यायला आला तो. कुणालाच कळत नाही. हात लावला की जातात.

सगळ्यांना वाटतं मी कामावर नजर ठेवतेय. मला चहा आणून देतात.

२८ फेब्रुवारी

मालकांना पुन्हा फोन. उद्घाटन पुढे ढकला. त्यांनी उचलला, ऐकलं, म्हणाले — पाहुण्यांना आमंत्रणं गेलीत. उद्यानंतर तुम्ही सुट्टी घ्या, लांब सुट्टी घ्या.

म्हणजे नोकरी गेली. जाऊ दे.

उद्या एकटी पुरेन का — एका वेळी एक आला तर पुरेन. म्हातारा पुरायचा. पण त्याच्यामागे —

१ मार्च, सकाळ

गर्दी आहे. फुगे. गाणी लावलीत. सगळे दाराशी, चाकाभोवती. इथून काडेपेटीतल्या काड्यांएवढे दिसतात. अजून कुणी इकडे आलं नाही.

धाकटीला फोन लावतेय. उचलत नाही.

१ मार्च

आल्या. आई आल्यात. धाकटी त्यांना धरून आहे. माझ्यावर विश्वास नाही ठेवला तिने — किंवा आईंचे हाल बघवले नाहीत. तिच्या जागी मीही आणलंच असतं. आईंनी मला बघून हात केला. किती खूश आहेत. चांगला कोट घातलाय.

मी ओरडतेय. गाण्यात ऐकू जात नाही. उठून जाता येत नाही — तोंड चाकाकडे आहे. पाठमोरी जाऊ? मग हात कोण —

मालक बोलतायत. बटण.

फिरलं.

फोटोवाला स्टुलावर चढलाय, चाकाशेजारी. सगळ्यांना हाताने खुणा करतोय. सगळे मावत नाहीत. जरा मागे व्हा. मागे. अजून थोडं मागे —

होतायत. सगळे. हसत हसत.

थांबत नाहीत.

मालक पण. रेस्टॉरंटवाली पण. लेकरं कडेवर घेतलेली माणसं. पाठीच पाठी. इतक्या पाठी कधी बघितल्या नव्हत्या — सगळ्यांची बोटं कमरेशी — स्वेटर, ओढण्या, पिशव्यांचे बंद —

पहिला आला. लावला हात. गेला. दुसरा. डाव्या हाताने लावते, उजव्याने लिहिते. लिहिणं सोडलं तर मी पण —

तिसरी. गेली. दोघं एकदम. लावला. लावला.

आई कुठे

आई पार त्या कडेला आहेत. कठड्याच्या कोपऱ्याकडे. धाकटी हात धरून, ती पण उलटी. माझ्या हातापासून लांब. बसून पोचत नाही.

उठले तर माझे पाय — माहीत आहे मला. मागे भिंत नाही हेही माहीत आहे, मीच —

पण तू एकच तर गोष्ट सांगितली होतीस.

पोचेन. आधी त्यांच्या पाठीला, मग धाकटीच्या. दोन्ही हात लागतील. वही स्टुलावर ठेवते. तू आलास की इथे, दाराकडून येऊ नकोस, आणि चाकाकडे बघू

आई, थांबा, आले, मी आ